खोडलेलं वाचता आलं पाहिजे

पुण्यात 'बघतो' या शब्दाचा अर्थ 'नाही' असा होतो. दुकानदार तो वापरतो, सरकारी कारकून वापरतो, सोसायटीचा सेक्रेटरी तर या एका शब्दावर वर्षानुवर्षं निवडून येतो. ऐकणाऱ्यानेही तो ऐकला की मुकाट्याने घरी जायचं, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे डॉ. वत्सला रामटेके आमदार झाल्या आणि येईल त्याला 'बघते' म्हणू लागल्या, तेव्हा बाई राजकारणात रुळल्या असंच विश्रांतवाडीतल्या लोकांना वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खरोखरच बघायला येत. एका गृहस्थांनी जिन्यातल्या गळतीची तक्रार केली होती. मॅडम तिथे पोहोचल्या तेव्हा प्लंबर कामाला लागलेला होता. "तुम्ही बघते म्हणालात, म्हणून मग मी यांना बोलावलं," असा खुलासा गृहस्थांनी केला. मॅडमनी जिन्यातच बसून प्लंबरचं काम शेवटपर्यंत बघितलं, आणि उठताना गृहस्थांचे आभार मानले.

मी त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत होतो. शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेला. त्यामुळे जगाच्या ऱ्हस्वदीर्घाची चिंता वाहण्याची खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. सोसायटीच्या फलकावर लागलेल्या सूचना मी लाल शाईने तपासायचो. लोक चिडायचे, पण मॅडमना त्यात कामाचा माणूस दिसला असावा. आमदार झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या आपल्या भाषणाचे कागद घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. तेव्हापासून त्यांची भाषणं मी तपासू लागलो, आणि त्या मला तपासू लागल्या.

त्यांच्या आजोबांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती, आणि घरातली पोरं शिकलीच पाहिजेत असं ठरवूनच ते गावी परतले होते. वडील भंडाऱ्याकडून येऊन खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले. मॅडम तिथल्या क्वार्टरमध्ये वाढल्या, रसायनशास्त्र शिकल्या आणि संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ झाल्या. तिथे त्या नेमकं काय करत होत्या हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर 'जळणाऱ्या वस्तू' एवढंच म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. मराठी पुण्याचीच, स्वच्छ, पण राग आला की भंडारा वर यायचा. "काय करून राहिले तुम्ही, सर?" असं ऐकू आलं की मी ओळखायचो, आज कानउघाडणी आहे.

राजकारणात त्या आल्या त्या दोन मातब्बरांच्या भांडणामुळे. तिकिटावरून दोघांत अशी जुंपली की कोणालाही दिलं तरी दुसरा पाडणार हे पक्षाला दिसत होतं. मग निवृत्त शास्त्रज्ञ, स्वच्छ चारित्र्य, कोणाशी वैर नाही, अशा या बाईंचं नाव कोणीतरी पुढे केलं. पाच वर्षं एक बाहुली बसवू, पुढचं पुढे, असा हिशोब होता. बाई निवडून आल्या. बाहुली मात्र झाल्या नाहीत, कारण बाहुली व्हायला लागणारा सैलपणाच त्यांच्या अंगात नव्हता.

सवयी सगळ्या प्रयोगशाळेच्या. साड्या सुती, बारा महिने. पक्षाच्या मेळाव्यासाठी सगळ्या बायकांना एकसारख्या चकचकीत साड्या वाटल्या गेल्या, त्या मॅडमनी हातसुद्धा न लावता परत केल्या. 'साधी राहणी' म्हणून वर्तमानपत्रात चौकट आली. मी अभिनंदन करायला गेलो तर म्हणाल्या, साधेपणा कसला, कृत्रिम धाग्याचं कापड अंगावर घासलं की ठिणगी पडते, आमच्याकडे ते नेसून आत पाऊलसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत. त्यांच्या दाराशी एक टोपली असे. भेटायला येणाऱ्याने मोबाईल आणि काडेपेटी तिच्यात ठेवायची आणि मगच आत जायचं. प्रयोगशाळेच्या फाटकावरचा हा नियम त्यांनी जसाच्या तसा घरी आणला होता. त्यामुळे त्यांच्यासोबत सेल्फी काढलेला माणूस आमच्या मतदारसंघात शोधून सापडला नसता. कोणत्याही पदार्थाचा वास त्या थेट नाक खुपसून घेत नसत. हाताने वारा घालून अलगद नाकाकडे आणत, मग तो चहा असो, हार असो की मिसळीची तर्री. आणि त्या पळत नसत, दुसऱ्याला पळू देत नसत. प्रयोगशाळेत पळणाऱ्या माणसाला म्हणे त्याच दिवशी घरी पाठवायचे.

या शेवटच्या नियमाने सगळ्यांत हैराण झाला होता तो संतोष. संतोष म्हणजे मॅडमचा मुख्य कार्यकर्ता, चाळिशीचा रिक्षावाला, मनाने सोन्यासारखा आणि कामाला वाघ. आयुष्यभर नेत्यांच्या गाडीपुढे धावत आलेला हा माणूस मॅडमच्या गाडीपुढे सावकाश चालताना बिचारा अगदी परका दिसायचा.

पण सगळ्यांत गाजली ती विधानभवनाची गंमत. स्फोटकांच्या खोलीत शिरण्याआधी दाराजवळच्या तांब्याच्या पट्टीला हात लावायचा असतो, म्हणजे अंगातली वीज जमिनीत जाते. तीस-पस्तीस वर्षं हे केल्यावर कोणत्याही दारात शिरताना मॅडमचा हात आपोआप धातू शोधायचा. विधानभवनात पहिल्या दिवशी त्यांनी दाराच्या पितळी मुठीवर तळवा टेकवला, क्षणभर थांबल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला: 'लोकशाहीच्या मंदिरापुढे नतमस्तक'. मागून येणाऱ्या दोन नव्या आमदारांनी तीच मूठ शिवून हात कपाळाला लावला होता, तेही फोटोत आले. देव न मानणाऱ्या बाईंनी एका दिवसात एक नवं दैवत सुरू करून दिलं, असं मी म्हणालो. त्या बराच वेळ हसत होत्या. नंतर गंभीर होऊन म्हणाल्या, "पण सर, आत शिरताना अंगातली वीज बाहेर ठेवायची पद्धत तिथे वाईट नाही."

भाषणांवरून आमचं रोज वाजायचं. मी लिहायचो, 'हा प्रश्न सुटलाच पाहिजे.' त्या 'च' खोडायच्या. मी म्हणायचो, मॅडम, 'च' काढला तर भाषणात राहतं काय? त्या म्हणायच्या, तुमच्या 'च'ला पुरावा नाही. 'सर्वत्र संतापाची लाट' याच्या समोर त्यांनी 'किती जणांना विचारलं?' असं लिहून ठेवलं होतं. एकदा मी चुकलेल्या ओळीवर पांढरी शाई लावून वर नवी ओळ लिहिली, तेव्हा मात्र भंडारा वर आला.

"काय करून राहिले तुम्ही, सर? चूक अशी झाकायची नसते. एक सरळ रेघ मारायची आणि बाजूला सही करायची. खोडलेलं वाचता आलं पाहिजे."

मी कारण विचारलं. म्हणाल्या, आधी काय चुकलं होतं ते दिसलं नाही तर पुढचा माणूस तीच चूक करतो, आणि आमच्या खात्यात तीच चूक दुसऱ्यांदा केली की पुढे विचारायला माणूस उरत नाही. त्या दिवसापासून पांढऱ्या शाईची बाटली मी माळ्यावर टाकली. चाळीस वर्षांत मुख्याध्यापकांचंसुद्धा मी इतकं ऐकलं नव्हतं.

त्यांच्या कारकिर्दीचं शेवटचं वर्ष आलं. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे मैत्रेयनगर नावाची वस्ती आहे आणि वस्तीच्या टोकाला नळाच्या तोट्यांना चकाकी देणारी एक शेड. लोक तिला प्लेटिंगची शेड म्हणतात. त्या पावसाळ्यात वस्तीतली पोरं भराभर आजारी पडू लागली. पाणी पिवळट येत होतं, त्याला वास होता. सगळ्यांचं बोट शेडकडे. मॅडम पावसाळी अधिवेशनासाठी मुंबईत होत्या. त्यांनी फोनवरून संतोषला पाण्याचे नमुने घेऊन तपासणीला द्यायला सांगितलं, आणि अहवाल आला: पाण्यात तोट्यांच्या मुलाम्यात वापरतात तीच रसायनं.

मॅडमनी विधानसभेत लक्षवेधी मांडली. मी आणि संतोष माझ्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. समोरचा एक सदस्य खवचटपणे म्हणाला, "सन्माननीय सदस्यांनी हे स्वतः बघितलंय, की ऐकीव माहिती आहे?" मॅडमचा चेहरा लाल झाला. पोरं आजारी होती, आणि हा माणूस हसत होता. त्या म्हणाल्या, "मी स्वतः बघितलं आहे." मंत्र्यांनी तिथल्या तिथे शेड बंद करण्याचे आदेश दिले. संतोषने मला मिठी मारली. मला मात्र ते वाक्य खटकलं. व्याकरणात त्याच्या काहीही चूक नव्हती, पण दोन आठवडे बाई पुण्यात आल्या नव्हत्या.

संध्याकाळी शेडला सील लागलं. वस्तीत पेढे वाटले गेले. शेडमध्ये काम करणाऱ्या बायका डबे घेऊन बाहेर पडल्या आणि रस्त्यावर उभ्या राहिल्या, त्यांना कोणी पेढा दिला नाही. पोरं आजारी पडायची थांबली नाहीत.

अधिवेशनाला दोन दिवसांची सुट्टी होती, तेव्हा मॅडम पुण्यात आल्या आणि पिशवी घरात टाकून सरळ वस्तीत गेल्या. मीही मागोमाग गेलो. संतोषने अभिमानाने एक उरलेली बाटली आणून दाखवली. असल्या पंधरा-वीस भरल्या होत्या, म्हणाला. मॅडमनी झाकण उघडलं, हाताने वारा घातला, वास घेतला. पुन्हा घेतला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, बाटल्या कुठून आणल्यास?

"शेडच्या मागं पडल्या होत्या मॅडम. चांगल्या जाड आहेत. अन् मी तीनदा विसळल्या."

पाणी वस्तीचं होतं, रसायन बाटलीचं. संतोषला काय झालं ते कळलं नाही, मॅडमना आणि मला कळलं. त्या त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. महापालिकेच्या इंजिनिअरला बोलावून त्यांनी दिवसभर उन्हापावसात उभं राहून पाइपलाइन उकरायला लावली. दुपारी चार वाजता सापडलं. भिंतीच्या अलीकडचं सांडपाण्याचं चेंबर फुटलं होतं आणि तिथली घाण वस्तीच्या पाण्याच्या पाइपात झिरपत होती. भिंतीच्या अलीकडे म्हणजे आमची सोसायटी. डॉक्टर, इंजिनिअर, एक आमदार आणि शुद्धलेखनाचा आग्रह धरणारा मी, अशा सगळ्यांनी मिळून ती पोरं आजारी पाडली होती.

चेंबर दुरुस्त करणं सोपं होतं. प्रश्न होता सभागृहातल्या त्या वाक्याचा. निवडणूक दिवाळीनंतर होती. बातमी कळताच रात्री जेवणाआधीच पक्षाचे जिल्ह्याचे नेते मॅडमच्या घरी आले. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. टोपलीत मोबाईल ठेवायला लागल्यामुळे ते आधीच नाराज होते. मी चहा घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनी सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं. शेडचं सील मी फोनवर काढून देतो, बायका उद्या कामावर जातील. चेंबरचं सोसायटी गुपचूप करून घेईल. सभागृहातलं तुमचं ते एक वाक्य कामकाजातून काढून टाकायची विनंती करू, कोणाच्या लक्षातही येणार नाही. सगळ्यांचं भलं होतंय, कोणाचं नुकसान नाही.

"आणि उभं राहून चुकलं म्हणालात," साहेब म्हणाले, "तर तिकिटाचं मला काही सांगता येणार नाही. विरोधक ते पाच वर्षं वाजवतील."

मॅडमना ती खुर्ची नको होती असं नाही. उगाच त्यांना संत करण्यात अर्थ नाही. त्यांना पुन्हा निवडून यायचं होतं. वस्तीच्या शाळेची इमारत अर्धी झाली होती, रुग्णालयाची फाइल मंत्रालयात अडकली होती, आणि आपण हे काम चांगलं करतो हे त्यांना ठाऊक होतं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मनातून मला वाटत होतं की त्यांनी साहेबांचं ऐकावं. मग त्या बोलल्या.

"माझं वाक्य काढू नका. ते खोटं होतं, पण मी बोलले आहे. ते तसंच राहू दे आणि त्याच्या खाली माझी दुरुस्ती येऊ दे. आमच्यात असंच करतात."

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, सर, तुम्ही तरी सांगा. मी म्हणालो, मी फक्त ऱ्हस्वदीर्घ बघतो.

पुढच्या आठवड्यात त्या सभागृहात उभ्या राहिल्या. हे एकच भाषण त्यांनी मला तपासायला दिलं नव्हतं. पुन्हा मी आणि संतोष टीव्हीसमोर. "अध्यक्ष महोदय," त्या म्हणाल्या, "मैत्रेयनगरबद्दल बोलताना मी स्वतः बघितलं आहे असं या सभागृहात सांगितलं. मी बघितलं नव्हतं. माझं चुकलं. नमुने अस्वच्छ बाटल्यांत घेतले गेले. शेडचा यात दोष नाही, ती उघडावी अशी माझी विनंती आहे. वस्तीच्या पाण्यात मिसळणारं सांडपाणी मी राहते त्या सोसायटीचं आहे." समोरच्या बाकांवर हशा पिकला. कोणीतरी ओरडून विचारलं, बाटल्या भरल्या कोणी? त्या म्हणाल्या, "माझ्या सांगण्यावरून भरल्या," आणि खाली बसल्या. संतोष उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

तिकीट मिळालं, पण अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, आणि तेही पक्षाला दुसरं कोणी सापडलं नाही म्हणून. समोरच्या उमेदवाराने मॅडमच्या भाषणाचा तुकडा कापून घेतला आणि मतदारसंघभर रिक्षांवर भोंगे लावले. सकाळी सात वाजल्यापासून मॅडमचाच आवाज गल्लोगल्ली फिरायचा: 'मी बघितलं नव्हतं. माझं चुकलं. मी बघितलं नव्हतं. माझं चुकलं.' संतोष दगड घेऊन एका रिक्षामागे धावला, तर मॅडमनी त्याला थांबवलं. त्यात खोटं काही नाही, म्हणाल्या, आणि आवाज स्वच्छ येतोय. आमच्या भाजीवालीने मला ऐकवलं, "सर, हिचं एकदा तरी चुकलं. बाकीच्यांचं कधी चुकतच नाही, भाग्यवान आहेत." मला वाटलं, भोंगा उलटणार. बाई निवडून येणार.

आल्या नाहीत. थोड्या मतांनी पडल्या. शेड पुन्हा सुरू झाली होती, पण तिथल्या बहुतेक बायका नदीपलीकडून कामाला येत, त्यांची मतं दुसऱ्या मतदारसंघात. मैत्रेयनगरने भरभरून दिली. आमची सोसायटी मात्र रुसली होती. आपल्या गटाराचं नाव विधानसभेत निघालं हा अपमान लोकांना फार लागला होता, त्यातून मतदानाला जोडून सुट्टी आली, आणि अर्धी इमारत लोणावळ्याला गेली. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त संताप आला. सोसायटीच्या सभेत मी तो बोलूनही दाखवला. तेव्हापासून माझ्या लाल शाईवर सोसायटीने बंदी घातली.

निकालाच्या दिवशी मॅडम घरी आल्या तेव्हा मी दारातच उभा होतो. साहेबांनी फेरमोजणी मागायला सांगितली होती. फरक थोडा आहे, पण निकाल बरोबर आहे, असं म्हणून त्यांनी नको सांगितलं. मग चहा टाकला. आम्ही शाळेच्या अर्ध्या इमारतीबद्दल बोलत बसलो. नव्या आमदाराला भेटून सगळे कागद द्यायचे होते, आणि ते कोणत्या क्रमाने द्यावेत याचा त्या विचार करत होत्या. दुःख नव्हतं असं नाही. पण चुकीचं काही केलं असं त्यांना वाटत नव्हतं, आणि माझ्या मनातली हळहळ त्यांच्यासमोर बाहेर पडायला धजली नाही.

उन्हाळ्यात मुलाने मला कर्वेनगरला आपल्याकडे बोलावून घेतलं. सामानाचा टेंपो सकाळी लवकर निघाला. वस्तीच्या तोंडाशी ड्रायव्हर तंबाखू मळायला थांबला. नळाला नुकतंच पाणी आलं होतं आणि बायकांची रांग लागली होती. रांगेत हंडे, बादल्या, कॅन, आणि मध्येच सुती साडीत मॅडम. हातात काचेची छोटी बाटली, झाकण घट्ट लावलेली. निवडणूक तर झाली की ताई, असं कोणीतरी म्हणालं. पोरं पाणी पितात ना अजून, असं त्या म्हणाल्या. पुढच्या लताबाईंनी आपला हंडा बाजूला ओढला.

"ताई, एवढुशी तर बाटली हाय. तुम्ही भरा की आधी."

"पहिलं पाणी मला चालत नाही, लताबाई," मॅडम म्हणाल्या. "नळ भरपूर वाहून गेला पाहिजे. तुम्ही सगळ्या भरून घ्या, मी शेवटी भरते."

लताबाईंनी हंडा पुन्हा नळाखाली लावला. मॅडम रांगेतून बाहेर आल्या, आणि बाटली हातात धरून सगळ्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.